डीबगर जोडला जात नाही, तेव्हा नकार कोणाचा?

चालू प्रोग्रामला डीबगर, म्हणजे प्रोग्राम थांबवून त्याच्या आत पाहू देणारे साधन, जोडता येत नाही, अशा तक्रारीची पत्रे या खेपेला इतकी आली की अख्खे सदर त्यालाच दिले आहे. जोडणी नाकारली जाते तेव्हा बहुतेक वेळा यंत्रात बिघाड नसतो. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), कंटेनर (प्रोग्राम वेगळा कोंडून चालवणारी चौकट), जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारे इंजिन) किंवा आधीच जोडलेला दुसरा डीबगर, यांपैकी कुणीतरी नियमाने 'नाही' म्हटलेले असते. ते कोण, हे कळले की उपाय सहसा एका ओळीचा निघतो. ते न शोधता सगळीकडे सुडो (प्रशासकाचे, म्हणजे 'रूट'चे, अधिकार देणारी आज्ञा) लावत गेलात, तर प्रोग्राम जोडला जाईलही, पण मशीनचे दार उघडे पडेल आणि कारण कळणार नाही ते नाहीच. (आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप कराव्यात.)

प्रश्न (फर्मागुढी): सप्रेम नमस्कार. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी लिहिलेला सी++ प्रोग्राम लॅबमधल्या उबुंटूवर एका टर्मिनलमध्ये चालवते. तो मध्येच अडकतो, म्हणून दुसऱ्या टर्मिनलवरून 'जीडीबी -पी' (जीडीबी हा लिनक्सवरचा डीबगर) आणि पीआयडी (प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक) देते, तर 'पीट्रेस: ऑपरेशन नॉट परमिटेड' येते. प्रोग्राम माझा, लॉगिन माझे, मग परवानगी कसली? घरी लॅपटॉपवर सुडो लावले की जमते. लॅबमध्ये आम्हांला सुडो नाही.

उत्तर: लिनक्सवर डीबगर दुसऱ्या प्रोसेसमध्ये हात घालतो तो 'पीट्रेस' या सिस्टिम कॉलमधून, म्हणजे कर्नलकडे केलेल्या विनंतीतून. पूर्वी एकाच वापरकर्त्याच्या प्रोसेसना एकमेकांना असे धरता येत असे. त्यात धोका उघड होता: ब्राउझरमधल्या एखाद्या छिद्रातून घुसलेला कोड त्याच लॉगिनखाली चालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामची मेमरी वाचून त्यातले पासवर्ड आणि किल्ल्या काढून नेऊ शकत होता. म्हणून उबुंटूने २०१० साली, १०.१० या आवृत्तीपासून, 'यामा' नावाचा सुरक्षेचा थर लावून हे बंद केले. २०१२ साली लिनक्स ३.४ बरोबर यामा मूळ कर्नलमध्येही आला. तुम्हांला नकार देतो तो हाच.

खात्री करायला सुडो लागत नाही. 'कॅट /प्रोक/सिस/कर्नल/यामा/पीट्रेस_स्कोप' असे टाकले की एक आकडा दिसेल. ० म्हणजे जुना मोकळा नियम. १ म्हणजे प्रोसेसला फक्त तिच्या पूर्वजाने धरावे. उबुंटूवर मूळ ठेवण हीच. २ असेल तर 'कॅप_सिस_पीट्रेस' हा अधिकार असलेल्यालाच, म्हणजे व्यवहारात रूटलाच, जोडता येते. ३ म्हणजे कोणालाच नाही, आणि एकदा ३ केले की मशीन रीबूट केल्याशिवाय तो आकडा खाली आणता येत नाही. म्हणून प्रयोग म्हणूनही ३ लिहू नका.

तुमच्या बाबतीत प्रोग्राम एका शेलचे अपत्य आहे आणि जीडीबी दुसऱ्या शेलचे. जीडीबी त्या प्रोग्रामचा पूर्वज नाही, म्हणून नकार. यातच सुडोशिवायची वाट आहे: प्रोग्रामला जीडीबीच्याच हाताखाली जन्माला घाला. 'जीडीबी --आर्ग्ज ./प्रोग्राम' आणि पुढे नेहमीची आर्ग्युमेंट्स द्या, मग 'रन' म्हणा. अडकला की त्याच टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबा. प्रोग्राम थांबेल आणि 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' दिल्यावर प्रत्येक थ्रेड (प्रोग्राममधली कामाची स्वतंत्र धार) कुठे उभा आहे ते दिसेल. प्रोग्रामला स्वतःचे टर्मिनल मोकळे हवे असेल तर पहिल्या खिडकीत 'जीडीबीसर्व्हर लोकलहोस्ट:२३४५ ./प्रोग्राम' चालवा आणि दुसऱ्या खिडकीतल्या जीडीबीत 'टार्गेट रिमोट लोकलहोस्ट:२३४५' द्या. इथे पूर्वज जीडीबीसर्व्हर होतो आणि यामाची हरकत उरत नाही.

हे दोन्ही गैरसोयीचे वाटले तर तिसरा मार्ग कोडमध्ये आहे. 'मेन'च्या सुरुवातीला 'पीआरसीटीएल' हे फंक्शन 'पीआर_सेट_पीट्रेसर' आणि 'पीआर_सेट_पीट्रेसर_एनी' या आर्ग्युमेंट्सनी बोलवा, हेडर 'सिस/पीआरसीटीएल.एच'. प्रोग्राम स्वतःच परवानगी देतो, की माझ्या लॉगिनखालच्या कोणत्याही डीबगरने मला धरावे. स्कोप १ असताना हे चालते, २ असताना नाही. ही ओळ फक्त डीबग बिल्डमध्ये राहील अशी कंपाइल-अट घाला.

घरच्या लॅपटॉपवर मात्र सरळ 'सुडो सिसकंट्रोल कर्नल.यामा.पीट्रेस_स्कोप=०' करा. हा बदल रीबूटपर्यंतच टिकतो, आणि तेच योग्य आहे. 'ईटीसी/सिसकंट्रोल.डी' मधली फाइल बदलून तो कायमचा करायची घाई नको.

प्रश्न (मडगाव): आमच्याकडे स्कोप ० आहे. तरी एका प्रोसेसला जीडीबी जोडत नाही, सुडो लावूनही तेच 'नॉट परमिटेड'. दुसऱ्या एका प्रोसेसवर तर काहीच संदेश न येता जीडीबी नुसता बसून राहतो. दोन्ही एकाच सर्व्हरवर आहेत.

उत्तर: दोन वेगळी दुखणी आहेत, पण दोन्ही एकाच फाइलमध्ये दिसतात: '/प्रोक/पीआयडी/स्टेटस'. पीआयडीच्या जागी तुमचा आकडा घाला.

पहिल्या प्रोसेसच्या फाइलमध्ये 'ट्रेसरपीआयडी' ही ओळ पाहा. एका प्रोसेसला एका वेळी एकच ट्रेसर, हा कर्नलचा नियम आहे. रूटलाही त्यातून सूट नाही. तिथे ० सोडून दुसरा आकडा असेल तर तो आधीच जोडलेल्या डीबगरचा पीआयडी. 'पीएस -पी' ने तो कोण ते बघा. कोणीतरी सुरू करून विसरलेला एसट्रेस (सिस्टिम कॉल नोंदवणारे साधन), नाहीतर आयडीई (कोड लिहायचे सॉफ्टवेअर) बंद केल्यावरही मागे राहिलेला जीडीबी, असे बहुधा निघते. तो ज्या टर्मिनलवर आहे तिथे जाऊन 'डिटॅच' करणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल तर साधा 'किल' वापरा, 'किल -९' नको. कारण असे: जीडीबी ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) लावतो म्हणजे प्रोग्रामच्या चालू कोडमधल्या सूचनेच्या जागी सापळ्याची सूचना लिहून ठेवतो. नीट सुटताना तो मूळ सूचना परत लिहितो. -९ ने मारलात तर सापळे तसेच राहतात, आणि प्रोग्राम पुढच्या वेळी त्या जागी आला की 'सिगट्रॅप' येऊन मरतो. ग्राहकाच्या सर्व्हरवर हे फार महागात पडते.

दुसऱ्या प्रोसेसच्या फाइलमध्ये 'स्टेट' ही ओळ पाहा. तिथे 'डी' असेल तर ती कर्नलच्या आत, सिग्नललाही न जुमानणाऱ्या झोपेत आहे. जोडताना डीबगर तिला थांबण्याचा सिग्नल पाठवतो आणि ती थांबल्याची वाट पाहतो. ती उठेपर्यंत डीबगरही अडकतो. डिस्क किंवा नेटवर्कवरची फाइल हे नेहमीचे कारण. पावसाळ्यात वीज गेली, एनएफएस सर्व्हर (नेटवर्कवरून फाइली देणारा) पडला आणि तुमचे मशीन इन्व्हर्टरवर चालू राहिले, की हे हमखास होते. इथे डीबगर कामाचा नाही. 'सुडो कॅट /प्रोक/पीआयडी/स्टॅक' केल्यास कर्नलमधल्या फंक्शनची नावे दिसतात. त्यांत 'एनएफएस' दिसले की दुरुस्ती कुठे करायची ते कळले. 'स्टेट' मध्ये 'झेड' असेल तर प्रोसेस संपलेली आहे, फक्त तिची नोंद उरली आहे. मग डीबगर तिच्या पालक प्रोसेसला जोडा, कारण 'वेट' (संपलेल्या अपत्याची दखल घेणारा कॉल) न करण्याची चूक तिथे आहे.

प्रश्न (वास्को): मालाच्या नोंदी ठेवणारी आमची सेवा डॉकर कंटेनरमध्ये चालते. 'डॉकर एक्झेक' करून आत गेलो, जीडीबी बसवला. आत मी रूट आहे, तरी 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. शेवटी '--प्रिव्हिलेज्ड' लावावे असे एकाने सुचवले. लावू का?

उत्तर: नका लावू. त्याने यजमान मशीनची उपकरणेसुद्धा कंटेनरच्या हाती जातात, आणि तुम्हांला हवा आहे एकच अधिकार.

कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो. त्यामुळे फर्मागुढीच्या वाचकाला अडवणारा यामा, यजमानावर जो आकडा आहे त्याच आकड्याने, कंटेनरच्या आतही लागू असतो. स्कोप १ असताना पूर्वज नसलेल्या डीबगरला 'कॅप_सिस_पीट्रेस' लागतो, आणि डॉकर कंटेनरमधल्या रूटला जे मोजके अधिकार देतो त्यांत हा नसतो. आतून तो आकडा बदलायला गेलात तर 'रीड-ओन्ली' असे उत्तर येईल. त्याखेरीज कर्नल ४.८ पेक्षा जुना असेल तर डॉकरची सेककॉम्प चाळणी पीट्रेस हा कॉलच अडवते.

कंटेनर पुन्हा सुरू करता येत असेल तर 'डॉकर रन' ला '--कॅप-अॅड=सिस_पीट्रेस' एवढे जोडा. चालू कंटेनरला अधिकार मागाहून देता येत नाही, आणि ज्या प्रोसेसचा दोष पकडायचा आहे तीच रीस्टार्टमध्ये गेली तर काय उपयोग? तेव्हा शेजारी दुसरा कंटेनर उभा करा: 'डॉकर रन --आरएम -आयटी --पीआयडी=कंटेनर:सेवेचे-नाव --कॅप-अॅड=सिस_पीट्रेस', आणि पुढे जीडीबी असलेल्या इमेजचे नाव. या नव्या कंटेनरला सेवेच्या प्रोसेस दिसतात. मुख्य प्रोसेसचा पीआयडी बहुधा १ असतो. फाइली मात्र वेगळ्या असतात, म्हणून जीडीबीत जोडण्याआधी 'सेट सिसरूट /प्रोक/१/रूट' द्या. ते विसरलात तर जोडणी होईल, पण लायब्ररी चुकीच्या सापडतील आणि बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनमधून कुठे आलो याची यादी) भलताच दिसेल.

यजमानावर सुडो असेल तर तिथूनही जोडता येते. फक्त पीआयडी वेगळा लागतो: कंटेनरच्या आतला १ यजमानावर कुठल्यातरी मोठ्या संख्येने दिसतो. 'डॉकर टॉप सेवेचे-नाव' ने तो मिळतो. 'नो सच प्रोसेस' असा संदेश आला तर नव्वद टक्के हाच घोटाळा समजा.

प्रश्न (वेर्णे): आमचे एएसपी डॉट नेट अॅप्लिकेशन आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरवर आहे. व्हिज्युअल स्टुडिओच्या 'अटॅच टू प्रोसेस' यादीत आयआयएसची कामकरी प्रोसेस 'डब्ल्यू३डब्ल्यूपी' कधी दिसते, कधी नाही. जोडले गेले तरी ब्रेकपॉइंटवर थांबून व्हेरिएबल बघत असतानाच डीबगिंग आपोआप संपते.

उत्तर: यादीत दिसण्यासाठी तीन गोष्टी लागतात. व्हिज्युअल स्टुडिओ 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' ने उघडलेला हवा. यादीखालच्या 'शो प्रोसेसेस फ्रॉम ऑल युजर्स' वर खूण हवी, कारण ती प्रोसेस तुमच्या नव्हे तर अॅप पूलच्या (आयआयएसमधल्या अॅप्लिकेशनच्या गटाच्या) खात्याने चालते. आणि साइटला निदान एक विनंती गेलेली हवी. पहिली विनंती येईपर्यंत डब्ल्यू३डब्ल्यूपी जन्मतच नाही, आणि वीस मिनिटे कोणी फिरकले नाही की आयआयएस ती बंद करतो. म्हणून आधी ब्राउझरमध्ये पान उघडा, मग यादी ताजी करा. एकाहून जास्त दिसल्या तर 'युजर नेम' च्या रकान्यात पूलचे नाव असते. डॉट नेट कोअरचे अॅप्लिकेशन 'आउट-ऑफ-प्रोसेस' पद्धतीने लावलेले असेल तर तुमचा कोड डब्ल्यू३डब्ल्यूपीमध्ये नसतोच. तेव्हा 'डॉटनेट' किंवा अॅपच्याच नावाची एक्झी शोधा.

डीबगिंग मध्येच तुटते याचे कारण आयआयएसची राखण. तो दर ३० सेकंदांनी कामकरी प्रोसेसला पिंग करतो आणि ९० सेकंदांत उत्तर आले नाही तर ती मेली असे समजून बंद करतो. ब्रेकपॉइंटवर थांबलेली प्रोसेस उत्तर देणार कशी? अॅप पूलच्या 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज' मध्ये 'प्रोसेस मॉडेल' खाली 'पिंग एनेबल्ड' आहे, ते 'फॉल्स' करा. विकासाच्या मशीनवरच. खऱ्या सर्व्हरवर ती राखण लागते.

ब्रेकपॉइंटचा गोल पोकळ दिसत असेल तर प्रश्न जोडणीचा नाही, पीडीबी फाइलचा (कोडमधल्या नावांची, म्हणजे सिम्बॉलची, फाइल) आहे. 'मॉड्यूल्स' खिडकीत तुमच्या डीएलएलसमोर 'सिम्बॉल्स लोडेड' आहे का पाहा. पीडीबी आणि डीएलएल एकाच बिल्डमधले लागतात. तोच कोड पुन्हा कंपाइल करून मिळालेली पीडीबी सहसा चालत नाही.

प्रश्न (पणजी): हॉटेलांच्या बुकिंगचे आमचे जावा सॉफ्टवेअर आठवरून सतरावर नेले. स्टार्टअपच्या ओळीत जेडीडब्ल्यूपीचा (जावाच्या डीबगर-जोडणीचा) 'अॅड्रेस=५००५' पूर्वीसारखाच आहे. तरी आता लॅपटॉपवरच्या आयडीईतून 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. फायरवॉलही तपासली.

उत्तर: फायरवॉलचा दोष नाही. जावा ८ पर्यंत नुसता पोर्ट दिला की जेव्हीएम सगळ्या नेटवर्कवर ऐकत असे. जेडीके ९ पासून तोच आकडा दिला तर फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनपुरते, ऐकते. सर्व्हरवर 'एसएस -एलटीएनपी' चालवून पाहा, ५००५ समोर १२७.०.०.१ दिसेल.

'अॅड्रेस=*:५००५' केल्यास जुनी वागणूक परत येते, आणि हाच सल्ला तुम्हांला सगळीकडे मिळेल. तो घेऊ नका. जेडीडब्ल्यूपीला पासवर्ड नसतो. जो पोर्टवर पोचला तो तुमच्या जेव्हीएममध्ये हवा तो कोड चालवू शकतो, आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहुण्यांचे पासपोर्टचे तपशील असणार. पत्ता लोकलहोस्टच ठेवा आणि लॅपटॉपवरून बोगदा काढा: 'एसएसएच -एल ५००५:लोकलहोस्ट:५००५ युजर@सर्व्हर'. ती खिडकी उघडी ठेवून आयडीईत होस्ट 'लोकलहोस्ट', पोर्ट ५००५ द्या.

याच वाटेवर आणखी दोन अडचणी भेटतात. 'ट्रान्सपोर्ट एरर २०२, अॅड्रेस ऑलरेडी इन यूज' येऊन जेव्हीएम सुरूच होत नसेल तर ती जेडीडब्ल्यूपीची ओळ 'जावा_टूल_ऑप्शन्स' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घातलेली आहे का बघा. ते प्रत्येक जावा प्रोसेस वाचते. मेव्हन, जेस्टॅक, जेकमांड, सगळे त्याच पोर्टवर हक्क सांगतात आणि पहिला सोडून बाकी कोसळतात. दुसरी अडचण: एका सहकाऱ्याचा आयडीई जोडलेला असताना दुसऱ्याला जोडता येत नाही. इथेही एका वेळी एकच.

जेडीडब्ल्यूपीशिवाय सुरू झालेल्या जेव्हीएमला तो नंतर लावता येत नाही. तेव्हा निदान थ्रेड कुठे अडकलेत ते 'जेकमांड पीआयडी थ्रेड.प्रिंट' ने बघा, सेवा ज्या खात्याने चालते त्याच खात्याने: 'सुडो -यू' लावून. तेही उत्तर देत नसेल तर 'किल -३ पीआयडी'. नाव भीतिदायक असले तरी जावा त्याने मरत नाही. सगळ्या थ्रेडची यादी आपल्या आउटपुटवर छापून कामाला लागते.

प्रश्न (म्हापसा): पायथनच्या चालू स्क्रिप्टला डीबगर जोडता येतो का? सुरुवातीला काही लावलेले नाही.

उत्तर: ३.१४ पासून येतो: 'पायथन -एम पीडीबी -पी पीआयडी'. इथला पीडीबी म्हणजे पायथनचा डीबगर, वरची पीडीबी फाइल नव्हे. जोडणाराही ३.१४ च हवा, आणि लिनक्सवर वरचा यामाचा नियम इथेही लागतो. जोडल्यावर प्रॉम्प्ट लगेच आला नाही तर घाबरू नका. इंटरप्रिटर सुरक्षित टप्प्यावर पोचेल तेव्हाच पीडीबी आत शिरतो. स्क्रिप्ट सॉकेटवर वाट बघत असेल किंवा सीमध्ये लिहिलेल्या लायब्ररीत अडकली असेल तर तो टप्पा येत नाही. तिथे, आणि जुन्या पायथनवर, 'पाय-स्पाय डंप --पीआयडी' वापरा. तो बाहेरूनच मेमरी वाचून सध्याची ओळ सांगतो.

प्रश्न (डिचोली): अँड्रॉइड स्टुडिओत फोन दिसतो, पण आमच्या अॅपची प्रोसेस डीबगरच्या यादीत येत नाही.

उत्तर: फोनवर रिलीज बिल्ड आहे. 'डीबगेबल' नसलेल्या अॅपला साधा फोन डीबगर जोडू देत नाही. 'बिल्ड व्हेरिएंट्स' मध्ये 'डीबग' निवडून पुन्हा बसवा. सही वेगळी असल्याने आधीचे अॅप काढावे लागेल, आणि त्यातला डेटा जाईल. हवा असेल तर आधी काढून ठेवा.

प्रश्न (सांखळी): आमच्या सेवेला जीडीबी नीट जोडला जातो, पण बॅकट्रेसमध्ये नुसती प्रश्नचिन्हे. शिवाय जोडला की सेवा थांबते आणि ग्राहकांचे फोन सुरू होतात.

उत्तर: 'एलएस -एल /प्रोक/पीआयडी/एक्झी' करा. शेवटी 'डिलीटेड' दिसले तर सेवा चालू असताना तुम्ही नवी बायनरी (कंपाइल केलेली फाइल) त्या जागी ठेवली आहे. मेमरीत जुना कोड, डिस्कवर नवा, म्हणून जीडीबी गोंधळतो. चालू प्रोसेसची मूळ बायनरी कर्नलने अजून धरून ठेवलेली असते. 'जीडीबी /प्रोक/पीआयडी/एक्झी -पी पीआयडी' असे सुरू केले की तीच वाचली जाते. 'डिलीटेड' नसेल तर बायनरीतून सिम्बॉल काढून टाकलेले आहेत. बिल्डच्या वेळी वेगळी ठेवलेली सिम्बॉल फाइल त्याच बिल्डची आहे ना, हे 'रीडएल्फ -एन' ने दोन्हींचा बिल्ड-आयडी ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळे निघाले तरी ती फाइल वापरू नका. फंक्शनची खोटी नावे प्रश्नचिन्हांपेक्षा वाईट.

सेवा थांबते त्याला इलाज नाही. जोडणे म्हणजेच थांबवणे. पण किती वेळ, हे तुमच्या हाती आहे. 'जीडीबी -पी पीआयडी -बॅच -ईएक्स "थ्रेड अप्लाय ऑल बीटी"' दिले की तो जोडतो, सगळे थ्रेड छापतो आणि सुटतो. प्रॉम्प्टवर तुम्ही विचार करत बसेपर्यंत सेवा ताटकळत नाही. व्हेरिएबल निवांत तपासायची असतील तर 'जीकोअर पीआयडी' ने मेमरीची प्रत फाइलमध्ये घ्या आणि सेवा पुढे जाऊ द्या. प्रोसेस जितकी मेमरी व्यापते तितकी मोठी फाइल होऊ शकते, म्हणून आधी 'डीएफ -एच' ने जागा बघा. तिच्यात त्या क्षणी मेमरीत असलेले पासवर्डही असतात. तेव्हा लगेच 'सीएचमॉड ६००' करा, तपासणी आपल्याच मशीनवर करा आणि काम झाले की ती पुसून टाका.